अंड्यांचे ट्रे काढा, साताने भागा
घरी पॉडकास्ट करणारे आणि हौसेने मोठे स्पीकर घेणारे वाढले, तसे भिंतीला अंड्यांचे कागदी ट्रे चिकटवायला शिकवणारे व्हिडिओही वाढले. दावा ठरलेला: खोली साउंडप्रूफ होते. होत नाही. आवाज शेजारी जाऊ नये म्हणून वजन लागतं. जाड भिंत, भरीव दार आणि बुजवलेल्या फटी लागतात. ट्रेला वजनच नसतं. शिवाय तो कागदाचा लगदा, चटकन पेट घेणारा. पाचरी पाचरी काढलेला इंचभर जाडीचा काळा फोम हा त्याचाच महागडा भाऊ. शेजाऱ्यांना त्याचाही उपयोग नाही.

पण खोलीतल्या खोलीत आवाज चांगला ऐकू यावा, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो फार सुंदर आहे.

आपल्याकडची नेहमीची खोली घ्या. १२ बाय १०, उंची १० फूट, गिलाव्याच्या भिंती, खाली गुळगुळीत टाइल्स. असले पृष्ठभाग आवाजाच्या प्रत्येक धडकेत जेमतेम ३ टक्के ऊर्जा शोषतात आणि बाकीची परत फेकतात. अशा रिकाम्या खोलीत टाळी वाजवली, तर हिशेबाने तिचा निनाद जवळजवळ ३ सेकंद रेंगाळेल. गाणं ऐकायला ०.३ ते ०.५ सेकंद पुरे. हा हिशेब वॉलेस सॅबिन या अमेरिकन प्राध्यापकाचा. हार्वर्डच्या फॉग कलासंग्रहालयातल्या व्याख्यानगृहात बोललेलं काही कळत नसे, कारण निनाद साडेपाच सेकंदांचा. ते दुरुस्त करायचं काम १८९५ मध्ये त्याच्या गळ्यात पडलं. तो रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा. त्यातून सूत्र मिळालं: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये, गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण (प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले तो शोषतो तो अंश, यांची बेरीज). १९०० साली उघडलेलं बोस्टनचं सिंफनी हॉल याच सूत्रावर बेतलं होतं. आपल्या ३४ घनमीटरच्या खोलीला ०.४ सेकंदावर आणायचं, तर साधारण १४ चौरस मीटर पूर्ण शोषण लागतं. गादी, सोफा, जाड पडदे, सतरंजी यातला बराच वाटा उचलतात.

मग सगळीकडे फोम लावून मोकळं का होऊ नये? कारण फोम सगळ्या सुरांना सारखा वागवत नाही. सच्छिद्र पदार्थात हवा पुढेमागे हलते, छिद्रांच्या कडांना घासते आणि आवाजाची थोडी उष्णता होते. पण भिंतीला टेकलेली हवा हलणार कुठे? हवेची हालचाल सगळ्यात जास्त असते ती भिंतीपासून पाव तरंगलांबी दूर. १०० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी ३.४३ मीटर, म्हणजे पाव तरंगलांबी ८६ सेंटिमीटर. एवढ्या खोल लहरीला भिंतीवरचा अडीच सेंटिमीटरचा फोम जाणवतही नाही. तो नीट खाऊन टाकतो ते हजार-दोन हजार हर्ट्झच्या वरचं.

आपल्या संगीतात याची किंमत लगेच कळते. तानपुऱ्याची जवारी म्हणजे वरच्या स्वरांशांचा झुबका. तोच आधी जातो. डग्ग्याचा घुमारा मात्र तसाच राहतो. उलट तो जास्तच वाटतो, कारण १० फूट अंतरावरच्या दोन भिंतींमध्ये ५६ आणि ११२ हर्ट्झच्या स्थिर लहरी उभ्या राहतात आणि छतही १० फुटांवरच असल्याने त्यांना दुजोरा मिळतो. खोली मेलेली आणि खर्ज सुटलेला, अशी दोन्हीकडून पंचाईत.

म्हणून शोषण थोड्या जागी करावं, पण जाड करावं. आपण नेहमीच्या जागी बसावं आणि कोणालातरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगावं. जिथे आरशात स्पीकर दिसेल, तिथे १० सेंटिमीटर जाडीचं, कापडात गुंडाळलेलं रॉकवूलचं (दगडाच्या तंतूंच्या लोकरीचं) पॅनेल. कोपऱ्यांत त्याहून जाड. स्पीकर वास्तुशास्त्राप्रमाणे ईशान्येला ठेवावेत का, असंही काही जण विचारतात. आवाजाला दिशा कळत नाहीत, भिंतीपासूनचं अंतर कळतं. वायरखाली ठेवायचे 'ऊर्जा शुद्ध करणारे' दगडही बाजारात मिळतात. ते पैसे रॉकवूलला द्यावेत.

उरलेल्या भिंतींचं काय? परत येणारा प्रत्येक आवाज शत्रू नसतो. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठात दाखवून दिलं, की मूळ आवाजानंतर साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत आलेलं परावर्तन वेगळं ऐकूच येत नाही, ते मूळ आवाजातच मिसळतं. त्याच विद्यापीठात मानफ्रेड श्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातली सभागृहं ताडून पाहिली. लोकांना आवडली ती सभागृहं, जिथे दोन कानांना थोडं वेगवेगळं ऐकू येत होतं. मग आवाज खाऊन न टाकता सगळीकडे सारखा उधळून देणारी भिंत कशी करायची? १९७५ मध्ये श्रोडरनी यासाठी संख्या सिद्धांतात (नंबर थिअरीत) हात घातला. पुढे त्यांनी जो क्रम सुचवला, त्यावर माझा जीव आहे.

० ते ६ या आकड्यांचे वर्ग करा आणि प्रत्येकाला ७ ने भागून बाकी लिहा: ०, १, ४, २, २, ४, १. भिंतीवर सारख्या रुंदीच्या सात उभ्या खाचा करा आणि त्यांची खोली याच प्रमाणात ठेवा. खोल खाचेतून लहर उशिरा परत येते, उथळ खाचेतून लवकर. इथवर सोपं आहे. आता कागद घ्या. हाच क्रम एक घर सरकवून लिहा: १, ४, २, २, ४, १, ०. या सरकवलेल्या क्रमातून मूळ क्रम वजा करा आणि उत्तर ऋण आलं तर ७ मिळवा. येतं १, ३, ५, ०, २, ४, ६. शून्यापासून सहापर्यंतचा प्रत्येक आकडा, बरोबर एकदा! दोन घरं सरकवून पाहा, तेच होईल. तीन, चार, अगदी सहापर्यंत कितीही सरकवा.

एखाद्या दिशेला किती ऊर्जा जाणार, हे खाचांच्या जोड्या ठरवतात: एक घर दूर असलेल्या, दोन घरं दूर असलेल्या, वगैरे. अशा जोडीतल्या दोन लहरी किती पुढेमागे आहेत, हा फरक म्हणजे आपली वजाबाकी. हा फरक सात खुणांच्या घड्याळावरचा काटा समजा. सात जोड्यांचे सात काटे सात वेगळ्या खुणांकडे ओढतात आणि बेरीज शून्य होते. कोणत्याही अंतरावरच्या जोड्या एकजूट करून एका दिशेला झुकतं माप देऊ शकत नाहीत. सात खाचांचे असे संच शेजारी शेजारी पुन्हा पुन्हा लावले, की ज्या ज्या ठरावीक दिशांना लहरी फुटतात, त्या सगळ्यांना समान वाटा मिळतो. हे जमतं कारण ७ ही विषम मूळ संख्या आहे. ८ घेऊन पाहा: ०, १, ४, १, ०, १, ४, १. चार घरं सरकवली की तोच क्रम परत येतो, सगळे फरक शून्य, सगळे काटे एकाच खुणेवर. या वर्गांच्या बाक्यांचं गणित कार्ल फ्रीडरिश गाउसने १८०१ मध्ये बांधून दिलं होतं. तोही पुढे ग्योटिंगेनचाच. त्याच्या डोक्यात आवाजाचा विषयही नव्हता. १९८३ मध्ये न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या मायकेल फाउलर सेंटर या सभागृहात असे डिफ्यूजर, म्हणजे आवाज उधळणाऱ्या खाचांचे पॅनेल, बसले.

घरी करायचं तर बाकीच इंचांत मोजा: ०, १, ४, २, २, ४, १ इंच खोली, प्रत्येक खाच २ इंच रुंद. हे साधारण ९६५ हर्ट्झपासून ३४०० हर्ट्झपर्यंत नीट चालतं. खाचांमध्ये पातळ प्लायच्या उभ्या पट्ट्या हव्यातच. सुताराला त्या निरुपयोगी वाटतात आणि तो गाळू पाहतो. पट्ट्या नसल्या तर खाचा एकमेकींत मिसळतात आणि गणित कोसळतं. एक गंमतही आहे. ९६५ च्या सातपट, म्हणजे सुमारे ६७५० हर्ट्झला प्रत्येक खाचेतली जाऊन-येऊन वाट पूर्ण तरंगलांबीच्या पटीत बसते, सगळ्या लहरी एकत्र परततात आणि डिफ्यूजर पुन्हा सपाट भिंत होतो.

आणि अंतर लागतं. सर्वांत खालच्या सुराच्या तीन तरंगलांबी, म्हणजे इथे मीटरभर तरी, कान दूर हवा. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल, तर डिफ्यूजर करूच नका, तिथे जाड शोषकच लावा. १२ फुटी खोलीत सोफा ४ फूट पुढे ओढायला घरचे तयार असतील, तर मागच्या भिंतीवर डिफ्यूजर.

पुस्तकांचं कपाट चालेल का? थोडंफार चालतं, पण पुस्तकं काठाला एका रेषेत टापटीप लावलेली असली तर तीही सपाट भिंतच. शब्दकोश पुढे ओढा, दिवाळी अंक आत ढकला आणि कपाटाला काचेची दारं असतील तर ऐकताना ती उघडी ठेवा.