टिकटिक म्हणजे गळती नव्हे

"मीटर वाजला, म्हणजे रेडिएशन पसरलंय!" सांगलीत गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजणारा, टिकटिक करणारा मीटर) दाखवला की कुणीतरी हे म्हणतंच. चूक आहे ते. विश्रामबागेत ओट्यावर ठेवा, तरी तो टिकटिक करणारच. खडक, माती, आकाशातून येणारे वैश्विक किरण... थोडा किरणोत्सर्ग सगळीकडे असतोच. (आपला काळा बेसॉल्ट ग्रॅनाइटपेक्षा सौम्यच म्हणायचा.) तासाला ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक) आसपास आकडा नेहमीचाच. बघायचं ते त्यावर वाढ किती.

२०११ मध्ये फुकुशिमा अणुवीज प्रकल्पातल्या अपघातानंतर जपानात स्वयंसेवकांनी मोटारींच्या खिडक्यांना मीटर लावून रस्तेच्या रस्ते मोजले, ते याचसाठी. नुसत्या अंतरावरून अंदाज बांधणंही फसवं: प्रकल्पापासून सुमारे ४० किलोमीटरवरचं इइताते हे गाव प्रकल्पाजवळच्या काही वस्त्यांपेक्षा जास्त दूषित झालं. वारा तिकडे वळला, वर पाऊस आणि बर्फ पडला.