दोन टक्क्यांच्या आधीचा प्रश्न

फेब्रुवारी उजाडला की वाणिज्य आणि व्यवस्थापन महाविद्यालयांच्या फाटकांवर परिषदांचे फलक लागतात. 'कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्व आणि शाश्वत विकास' हा विषय गेल्या दहा-बारा वर्षांत त्या फलकांवर सतत दिसतो. बीजभाषण होते, तांत्रिक सत्रे होतात, शोधनिबंधांचा ग्रंथ निघतो. निबंध चाळले तर बहुतेकांची सुरुवात २०१३ च्या कंपनी कायद्यापासून होते, जणू त्याआधी आपल्याकडे या विषयावर कोणी बोललेच नव्हते. प्रत्यक्षात हे बोलणे त्या कायद्याच्या जवळजवळ अर्धे शतक आधी सुरू झाले होते, आणि तेही एका परिसंवादातच.

मार्च १९६५ मध्ये दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरमध्ये 'उद्योगांच्या सामाजिक जबाबदाऱ्या' या विषयावर लोक एकत्र बसले. पुढाकार जयप्रकाश नारायण यांचा होता. सक्रिय पक्षीय राजकारण सोडून सर्वोदयाकडे वळलेल्या जयप्रकाशांना गांधीजींची विश्वस्ताची कल्पना कारखान्याच्या कारभारात उतरवता येईल का, हे पाहायचे होते. मालकाने संपत्ती आपली न मानता समाजाची ठेव मानावी, हा विचार गांधीजींनी अनेकदा मांडला होता, पण ताळेबंदात तो कुठे बसवायचा हे कोणी सांगत नव्हते. परिसंवादाच्या शेवटी जाहीरनामा निघाला. उद्योगाची जबाबदारी स्वतःप्रती, ग्राहकांप्रती, कामगारांप्रती, भागधारकांप्रती आणि समाजाप्रती आहे; एकाचे हित साधताना दुसऱ्याचा बळी देता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. देणगीचा किंवा टक्केवारीचा प्रश्न तिथे केंद्रस्थानी नव्हता. उद्योग चालवायचा तो कोणाला उत्तर देण्यासाठी, हा प्रश्न होता.

हे जाहीर झाल्यावर पाच वर्षांनी, सप्टेंबर १९७० मध्ये, अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या साप्ताहिक पुरवणीत आपला प्रसिद्ध लेख लिहिला: नियमांच्या चौकटीत राहून नफा वाढवणे हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी. आपल्याकडच्या निबंधांत फ्रीडमन हमखास येतात. त्यांच्या आधीचे अमेरिकी अर्थतज्ज्ञ हॉवर्ड बोवेनही येतात. त्यांचे या विषयावरचे १९५३ चे पुस्तक अमेरिकेतल्या चर्च संघटनांनी हाती घेतलेल्या अभ्यासातून तयार झाले होते. दिल्लीचा जाहीरनामा मात्र क्वचित येतो. आपल्याच वादाचा पहिला दस्तऐवज आपल्याच संदर्भसूचीत नसावा, याचे मला फार वाईट वाटते.

जाहीरनाम्यानंतरचे पाऊलही इथलेच आहे. जमशेदपूरच्या टाटा पोलाद कंपनीने १९७० मध्ये आपल्या नियमावलीत सामाजिक जबाबदारीचे कलम घातले. दशकाच्या अखेरीस कंपनीने एक समिती नेमली आणि कलमातले शब्द आपण कितपत पाळले हे तपासायला तिला सांगितले. समितीचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल, राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी आणि प्राध्यापक पु. ग. मावळंकर हे सदस्य. १९८० मध्ये अहवाल आला. या समितीत हिशेबनीस नव्हते, ही गोष्ट मला मोलाची वाटते. एक न्यायाधीश आणि दोन अभ्यासक कारखान्याच्या दारात गेले आणि त्यांनी कंपनीला तिच्याच शब्दांचा जाब विचारला. अभ्यासकांचे काम काय असू शकते, याचा हा नमुना होता.

विषयाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे शाश्वत विकास, वेगळ्या वाटेने आला. जून १९७२ मध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरण परिषद भरली. यजमान स्वीडनचे पंतप्रधान सोडले तर तिथे आलेल्या एकमेव सरकारप्रमुख इंदिरा गांधी होत्या. ज्यांना पोटभर मिळत नाही त्यांच्याशी केवळ पर्यावरणाच्या भाषेत बोलता येणार नाही, हा मुद्दा त्यांनी ठासून मांडला. १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंडलांड आयोगाने आजही प्रत्येक निबंधात असणारी व्याख्या दिली: पुढच्या पिढ्यांची गरजा भागवण्याची क्षमता न हिरावता आजच्या गरजा भागवणारा विकास. १९९२ ची रिओ परिषद त्याच ओघातली. या साऱ्या चर्चेत बोलत होती ती सरकारे. कंपन्यांच्या जबाबदारीची चर्चा व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात होत होती. अमेरिकेच्या अकॅडमी ऑफ मॅनेजमेंटमध्ये सामाजिक प्रश्नांचा स्वतंत्र विभाग १९७१ मध्ये निघाला होता. दोन्ही खोल्यांमधला दरवाजा बराच काळ बंद राहिला. मध्ये १९८४ ची भोपाळ दुर्घटना झाली. कारखान्याची सुरक्षा, गरिबांची वस्ती, विषारी झालेली माती आणि पाणी हे सगळे प्रश्न एका रात्रीत एकत्र आले. दोन्ही विषय मुळात एकच आहेत हे कळायला त्याहून मोठा पुरावा लागायला नको होता.

दरवाजा उघडला तो नव्वदच्या दशकात. १९९४ मध्ये जॉन एल्किंग्टन यांनी नफ्याबरोबर माणसे आणि पर्यावरण यांचाही हिशेब मांडण्याची तिहेरी ताळेबंदाची कल्पना पुढे आणली. जुलै २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांचा ग्लोबल कॉम्पॅक्ट, म्हणजे कंपन्यांनी स्वेच्छेने पाळायच्या तत्त्वांचा उपक्रम, सुरू झाला, २००७ मध्ये व्यवस्थापन शिक्षणसंस्थांसाठी जबाबदार शिक्षणाची सहा तत्त्वे आली. दोन्ही विषय एकाच फलकावर येण्याची सोय इथे झाली.

आपल्याकडच्या परिषदांची आजची गर्दी समजून घ्यायची तर तीन वर्षे शेजारी ठेवावी लागतात: २०१०, २०१३ आणि २०१५.

२०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने शिक्षकांच्या नेमणुका आणि बढत्यांसाठी गुणांकन आणले, ज्याला स्टाफरूममध्ये सगळे 'एपीआय' म्हणत. आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचला तर १० गुण, राष्ट्रीय परिषदेत ७.५, राज्यस्तरीय असेल तर ५. पुढे २०१६ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी परिषदांमध्ये दोन निबंध वाचणे बंधनकारक केले. ग्रामीण महाविद्यालयातल्या, आठवड्याला सोळा तास शिकवणाऱ्या शिक्षकाची बढती अशा रीतीने परिषदेच्या प्रमाणपत्रात अडकली. परिषदा वाढल्या याचा दोष मी त्या शिक्षकाला देणार नाही.

२०१३ मध्ये कंपनी कायदा आला. त्याचे कलम १३५ पुढच्या वर्षी १ एप्रिलपासून लागू झाले. नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा करून उरलेली रक्कम) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक जरी मर्यादा गाठली तरी त्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. भारत असे करणारा पहिला देश, हे वाक्य निबंधांमध्ये वारंवार येते, पण मॉरिशसने २००९ मध्येच नफ्याच्या २ टक्क्यांचा नियम केला होता. आपल्या कायद्यामागे सार्वजनिक उपक्रमांचा अनुभवही होता. त्यांच्यासाठी २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना निघाल्या आणि त्यांच्या मदतीला २०११ मध्ये देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत राष्ट्रीय सीएसआर (कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्व) केंद्र उभे राहिले. सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी १७ शाश्वत विकास उद्दिष्टे स्वीकारली आणि कायद्याच्या सातव्या अनुसूचीतली, म्हणजे हा खर्च ज्यांवर करता येतो त्या यादीतली, कामे त्या १७ चौकटींत बसवून दाखवणे हा निबंधांचा ठरावीक साचा झाला.

साचा सोपा होता, कारण माहिती आयती मिळत होती. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर राज्यवार, क्षेत्रवार, कंपनीवार आकडे असतात. पहिल्या वर्षी, २०१४-१५ मध्ये, खर्च सुमारे १० हजार कोटी होता. २०२२-२३ मध्ये तो ३० हजार कोटींच्या आसपास गेला. महाराष्ट्राचा वाटा सगळ्या राज्यांत मोठा. हे तक्ते टक्केवारी काढून निबंधात उतरवले गेले. पैसा कुठे गेला हे त्यातून कळते. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव हे नीती आयोगाने आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेले, ठरवलेले जिल्हे. तिथल्या शाळेत बसवलेले पाण्याचे यंत्र दोन वर्षांनी चालू आहे का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी एसटी पकडून जावे लागते. असे जाऊन आलेल्या शिक्षकांचे निबंधही मी ऐकले आहेत, बरेचसे मराठीत वाचलेले. तालुक्याच्या बाजारपेठेतून, पाणी समितीच्या बैठकीतून उचललेली माहिती त्यांत असते. सत्र संपत आलेले असताना अशा निबंधाला पाच मिनिटे मिळतात तेव्हा जीव तुटतो.

मधल्या काळात शिक्षकांच्या गुणांचे नियमही बदलले. २०१८ मध्ये गुणांकन कमी झाले: देशात भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ५ गुण, राष्ट्रीयला ३. निकृष्ट नियतकालिकांना आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने दर्जेदार नियतकालिकांच्या 'केअर' यादीचे काम हाती घेतले, त्याचा कक्ष सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होता. २०२२ मध्ये पीएच.डी.साठीची परिषदेतल्या निबंधांची अटही गेली.

कायद्याच्या बाजूला झालेला एक बदल मला खटकतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये सातव्या अनुसूचीत शाश्वत विकास उद्दिष्टांसाठी संशोधन करणाऱ्या सार्वजनिक विद्यापीठांना आणि संस्थांना सीएसआरचा पैसा देण्याची वाट खुली झाली. पण कोणते संशोधन? विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, वाणिज्य त्या कलमात नाहीत. म्हणजे ज्या विद्याशाखा कंपन्यांच्या सामाजिक खर्चाचा अभ्यास करतात, त्यांचे संशोधन या तरतुदीबाहेर राहिले. कंपनीच्या पैशाने कंपनीचीच तपासणी नको, असा युक्तिवाद करता येईल. मग तो पैसा सरकारने द्यायला हवा.

अभ्यासाची सामग्री मात्र आता पूर्वीपेक्षा भरपूर आहे. जानेवारी २०२१ च्या नियमांनुसार ज्यांचे सीएसआर खर्चाचे सरासरी दायित्व १० कोटी किंवा जास्त आहे, त्या कंपन्यांना १ कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचे परिणाम त्रयस्थ संस्थेकडून तपासून घ्यावे लागतात, तेही प्रकल्प पूर्ण झाल्यावर किमान एक वर्षाने. हे अहवाल वार्षिक अहवालाला जोडले जातात. ते पडताळून पाहणे, तपासनीस खरोखर गावात गेला होता का हे गावाला विचारणे, हे कुठल्याही जिल्ह्यातल्या महाविद्यालयाला जमण्यासारखे आहे.

दुसरी सामग्री शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने दिली. २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना व्यवसायातील जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो. किती पाणी उचलले, किती सोडले, किती अपघात झाले, कंत्राटी कामगार किती, स्त्री-पुरुषांच्या वेतनात फरक किती, ग्राहकांच्या तक्रारी किती निकाली निघाल्या, असे प्रश्न त्यात आहेत. दोन टक्के कुठे खर्च झाले यापेक्षा उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळवले, याची ही माहिती आहे. कामगार, ग्राहक, भागधारक, समाज: दिल्लीच्या जाहीरनाम्यात ज्यांची नावे होती, त्यांच्यासाठी या अहवालात आता भरायचे रकाने आहेत.