गनप्लाचा सांधा आणि गंजाचा रंग : पार्श्वभूमी

गनप्ला म्हणजे ‘गंडम’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेतल्या यंत्रमानवांची प्लास्टिक मॉडेल. नागपुरातल्या हौशी गनप्लाकारांमध्ये मॉडेलच्या बाहेरच्या चिलखतावर धूळ, गंज, खरवडलेला रंग दाखवायला कुणाचीच ना नसते. वाद होतो तो आतल्या सांगाड्यावर वॉश, म्हणजे फटींत उतरणारा पातळ रंग, द्यावा की नाही यावर, आणि त्याचं मूळ प्लास्टिकच्या निवडीत आहे.

गंडम मालिका १९७९ ची. पहिलं १/१४४ प्रमाणाचं किट जुलै १९८० मध्ये ३०० येनला आलं. ते ग्लूने चिकटवायचं आणि रंगवल्याशिवाय पुरं व्हायचं नाही, त्यामुळे रणगाड्यांची मॉडेल करणाऱ्यांचं ड्रायब्रश (जवळपास कोरड्या ब्रशने रंग देणं) आणि वॉशचं तंत्र इकडे सहज आलं. १९८२ पासून एका जपानी मासिकात मळक्या, खरचटलेल्या चिलखती सूटांची मालिका छापून येऊ लागली. वेदरिंगला, म्हणजे मॉडेल वापरून मळलेलं, झिजलेलं दाखवण्याला, खरी प्रतिष्ठा तिने दिली. १९९० मध्ये एचजी (हाय ग्रेड) किटमध्ये वेगवेगळ्या रंगांचं प्लास्टिक आणि ग्लूविना जोडणी आली, १९९५ मध्ये १/१०० चं एमजी (मास्टर ग्रेड). रंगवणं ऐच्छिक झालं.

पुढे एमजीच्या सांगाड्यात एबीएस प्लास्टिक वापरलं गेलं, आणि माझ्या मते वेदरिंग करणाऱ्यांचा विचार तिथे झालाच नाही. सांधा सतत घासतो. साधं पॉलिस्टायरीन तिथे झिजतं किंवा मोडतं. एबीएस चिवट, म्हणून जड मॉडेलसुद्धा पवित्रा धरून उभं राहतं. पण घट्ट बसवलेल्या एबीएसमध्ये ताण असतो. इनॅमल थिनर (इनॅमल रंग पातळ करायचं द्रावण) फटीतून तिथे पोचला की भागाला तडा जातो, कधी लगेच, कधी दुसऱ्या दिवशी. वॉशचं तर कामच फटीत शिरण्याचं. एबीएस रंगवू नका, असा इशारा सूचनापत्रकात छापलेला असायचा. म्हणजे धोका ठाऊक होता. पवित्र्यांसाठी ही निवड योग्य होती हे मान्य, पण तिची किंमत सांगाड्यावर तेलाचे ओघळ आणि काजळी दाखवू पाहणाऱ्यांनी मोजली.

नागपूरच्या हवेत हा प्रश्न जास्तच टोचतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. एअरब्रशमधून सुटलेला रंग भागावर पोचेपर्यंत अर्धा वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. अशा पृष्ठभागावर वॉश डाग धरतो, तो पुसायला थिनर जास्त लागतो आणि तोच ओघळून सांध्यात जातो. पावसाळ्यात दमट हवेमुळे लॅकर पांढुरका पडतो. काम नीट होतं ते दिवाळीनंतर, फेब्रुवारीपर्यंत.

गेल्या दशकात बऱ्याच नव्या किटमध्ये एबीएसच्या जागी सुधारित, चिवट पॉलिस्टायरीन आलं. थिनरपुढे ते जास्त टिकतं, अभेद्य मात्र नाही. इकडे पाण्यावर चालणारे वॉश आणि पिगमेंट पावडरीही मिळू लागल्या. आपल्याकडची काळी माती वाळल्यावर राखाडी दिसते, मुरूम तांबूस. पायाजवळ या दोन छटा एकावर एक दिल्या तर विकतच्या वाळवंटी पिवळ्यापेक्षा कितीतरी खऱ्या वाटतात.

जुन्या साच्यांची किटं मात्र अजून विकली जातात, त्यांत एबीएस सांगाडा तसाच आहे. रनरच्या, म्हणजे भाग जोडलेल्या चौकटीच्या, पट्टीवर एबीएस, पीएस (पॉलिस्टायरीन) की पीई (पॉलिथिलीन) हे उठवलेलं असतं. एबीएस दिसलं तर भाग सुटा करून, क्लिअर कोटचा पारदर्शक थर देऊन मगच वॉश द्यावा, आणि तो पूर्ण सुकल्याशिवाय सांधा जोडू नये.