हुबेहूब दिसणारं शरीर आणि हाडामांसाचं शरीर

नव्या गेमचा ट्रेलर आला की आपण तो मध्येच थांबवतो आणि पात्राचा चेहरा मोठा करून बघतो. त्वचेवरची रंध्रं, दाढीचे खुंट, कपाळावरचा घाम. 'एकदम रिअलिस्टिक!' म्हणतो आणि पुढे जातो. पण आपण बघितलं ते फक्त कातडं. शरीर बघायचं तर ट्रेलर थांबवून भागत नाही, तो चालू ठेवावा लागतो.

कातड्याचा बराचसा बारकावा 'नॉर्मल मॅप' नावाच्या चित्रातून येतो. कलाकार आधी लाखो पॉलिगॉनचा, म्हणजे बारीक सपाट तुकड्यांचा, पुतळा घडवतो आणि त्यावरच्या उंचसखलपणाची नोंद एका हलक्या मॉडेलवर चढवतो. सुरकुती तिथे कोरलेली नसते. त्या जागी प्रकाश कसा पडायचा, एवढंच लिहिलेलं असतं. 2004 च्या 'डूम 3'ने हे तंत्र ठळकपणे वापरलं आणि नंतर ते सगळीकडे रुळलं.

शरीररचना ही निराळीच गोष्ट. आत्ता कोपर टेबलावर टेकवा, तळवा वर करा आणि मग तो हळूहळू पालथा घाला. कोपर जागचं हलत नाही, मनगट मात्र अर्धा फेरा घेतं. हाताच्या त्या भागात दोन हाडं असतात. अल्ना जवळपास स्थिर राहते आणि रेडियस तिच्यावरून आडवी जाते. दुसऱ्या हाताने चाचपलंत तर कोपराजवळची कातडी जेमतेम सरकलेली आणि मनगटाजवळची पुरती फिरलेली लागेल.

गेममधल्या साध्या सांगाड्यात इथे एकच हाड असतं. पृष्ठभागावरच्या प्रत्येक बिंदूवर कोणत्या हाडाचा किती टक्के हक्क, हे ठरवून दिलेलं असतं आणि हाडं हलली की त्यांची सरासरी काढून बिंदू हलतो. मनगट अर्धा फेरा फिरलं की ती सरासरी थेट मधल्या अक्षावर येते आणि मनगट चॉकलेटच्या कागदाला पीळ द्यावा तसं आवळतं. या दोषाला धंद्यात नावही 'कँडी रॅपर' असंच आहे. त्यावर रंध्रं कितीही सुबक असोत, मनगट मोडलेलंच दिसतं. उपाय म्हणून रिगिंग करणारे, म्हणजे पात्राच्या आत हा सांगाडा बसवणारे, हाताच्या लांबीत जादा 'ट्विस्ट' हाडं घालतात, म्हणजे पीळ कोपरापासून मनगटापर्यंत थोडा थोडा वाटला जातो. खरी कातडी तेच करते.

खांदा याहून अवघड. हात पूर्ण वर नेताना साधारण 180 अंशांपैकी 120 अंश खांद्याच्या सांध्यात घडतात आणि उरलेले 60 पाठीवरचं फऱ्याचं हाड सरकल्यामुळे मिळतात. फरा हललाच नाही तर काख चेपते आणि हात बाहुलीच्या हातासारखा खोबणीत फिरतो.

उलट उदाहरण 1989 चं आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'तला राजपुत्र मूठभर पिक्सेलांचा, नाकडोळे शोधावेत असा. पण हा गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून चित्रीकरण केलं होतं आणि त्यावरून एकेक चित्र उतरवलं होतं. धावता धावता उलटं वळताना तो राजपुत्र घसरतो, तोल सावरतो. त्याला कातडं जवळजवळ नाही, वजन मात्र पुरेपूर आहे.

चेहऱ्याचंही असंच. एकमन आणि फ्रीझन या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींची वर्गवारी मांडली. 'हाफ-लाइफ 2'ने 2004 मध्ये तिचाच आधार घेतला. मनापासून हसताना ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळतो आणि गाल वर चढतात. नुसते ओठ ताणले की पात्र दात दाखवतंय असं वाटतं.

स्थिरचित्रात सांधे दिसत नाहीत, म्हणून कौतुक कातड्याचं होतं आणि रिगिंगवाल्यांच्या महिनोन्‌महिन्यांच्या कामाकडे कुणाचं लक्ष जात नाही. मला हे मनापासून खटकतं. पुढच्या वेळी नवा गेम सुरू केलात की पात्राला एखाद्या शिडीवर चढवा, कॅमेरा पाठीमागे न्या आणि हात वर जाताना काखेकडे बघा.