एरेटर दुपारी की पहाटे?

‘उन्हात मासे गुदमरतात, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) दुपारीच चालवा’ हा सल्ला शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरतोय. हिरव्या पाण्याच्या तळ्यात तो उलटा पडतो. 30 अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात हवेतून लिटरमागे साधारण 7.5 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. भर उन्हात शेवाळ तो याच्याही वर नेतं. तेव्हा पॅडलव्हील (पाणी उडवणाऱ्या चाकाचा एरेटर) फिरवलं की जास्तीचा ऑक्सिजन हवेत निघून जातो, वर विजेचं बिल. (खोल तळ्यातले वरच्या गरम आणि खालच्या थंड पाण्याचे थर मोडायला दुपारी थोडा वेळ चालवणं वेगळं.) पाण्यात ऑक्सिजनची तूट जितकी मोठी, तितका तो हवेतून झपाट्याने मुरतो. अंधारात शेवाळही श्वास घेतं, त्यामुळे सर्वांत मोठी तूट पहाटे असते. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले, म्हणजे उशीर झाला. एरेटर मध्यरात्रीनंतर लावा, सूर्य वर येईपर्यंत चालू ठेवा.