‘कॅन्सरची गोळी’ आणि सोरायसिस: खरा धोका कुठे आहे

सोरायसिसच्या जाड, खवलेदार चट्ट्यांवर डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं की कोणीतरी हमखास सांगतं, ‘ही तर कॅन्सरची गोळी, घेऊच नका.’ हा समज जुना आहे आणि अर्धवट आहे. कॅन्सरमध्ये हे औषध कित्येकदा फार मोठ्या मात्रेत देतात. सोरायसिसमध्ये मात्रा साधारण 7.5 ते 25 मिलिग्रॅम, तीही आठवड्यातून एकदाच. या आजारावर ते 1950च्या दशकापासून वापरात आहे.

खरा धोका आहे तो चुकून रोज घेण्याचा. त्याने रक्तपेशी झपाट्याने घटतात, तोंड सोलवटतं, जीवही जाऊ शकतो. दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून सोबत दिलेली फोलिक ॲसिडची (एका जीवनसत्त्वाची) गोळीही बहुधा तशीच छोटी, पिवळी असते, त्यामुळे अदलाबदल सहज होते. गोळी 2.5ची आहे की 10ची, हेही पाकिटावर वाचा. वार ठरवा आणि तो पाकिटावर ठळक लिहून ठेवा. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट नको, डॉक्टरांना विचारा.

रक्ताच्या, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या टाळू नका, ‘मला काही होत नाही’ म्हणून तर मुळीच नाही. दारू टाळलेली बरी. गर्भारपणात हे औषध चालत नाही. कोट्रायमॉक्साझोलसारखं अँटिबायोटिक किंवा वेदनाशामक घेण्याआधी विचारा. ताप, तोंडात फोड, कोरडा खोकला किंवा धाप लागली, तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.