द्राक्षांवरचा आळ

‘कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर द्राक्षं बंद!’ असला संदेश नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत, तोही ऐन हंगामात फिरावा! निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांनी कपाळावर हात मारला तर नवल नाही. मूळ इशारा आहे ग्रेपफ्रूटबद्दल. ते लिंबू-संत्र्याच्या कुळातलं फळ, आपल्या पपनसाचं वंशज. द्राक्षांशी त्याचं काही नातं नाही.

कोलेस्टेरॉलच्या या गोळ्या बहुधा स्टॅटिन गटातल्या. स्टॅटिनची गोळी गिळली की सगळी रक्तात जात नाही. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींत सीवायपी३ए४ नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते औषधाचे बरेच रेणू तिथेच मोडतं, पुढे यकृतात आणखी मोडले जातात. सिमव्हास्टॅटिनचा तर ५ टक्क्यांहून कमी भाग शरीरभर पोचतो. डोस ठरवताना ही गळती धरलेलीच असते.

ग्रेपफ्रूट आणि पपनसात फ्युरानोकुमरिन गटातली रसायनं असतात. विकर नेहमीच्या सवयीनं त्यांनाही ऑक्सिजन जोडायला घेतं आणि तिथेच फसतं. त्यातून तयार होणारा रेणू इतका क्रियाशील असतो, की तो विकरालाच सहसंयुज (पक्क्या रासायनिक) बंधानं चिकटतो. कुलपात किल्ली मोडावी तसं. ते विकर कायमचं बाद होतं, आणि पेशीला नवं बनवायला एक ते तीन दिवस लागतात. म्हणून ‘सकाळी रस, रात्री गोळी’ ही शक्कल फुकट जाते. एक पेला रसही पुरतो. १९८९ मध्ये कॅनडात डेव्हिड बेली यांच्या प्रयोगात दारूची चव लपवायला हा रस वापरला होता. रक्तदाबाच्या फेलोडिपिन या औषधाची रक्तातली पातळी भलतीच चढलेली दिसली, तेव्हा हे उघड झालं.

विकर बाद झालं की गोळीचा जास्त भाग रक्तात जातो, आणि स्टॅटिन फार वाढलं तर स्नायूंना इजा होऊ शकते. हा धोका सर्वाधिक सिमव्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिनला, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनला त्याहून कमी. रोसुव्हास्टॅटिन, पिटाव्हास्टॅटिन जवळपास सुटतात. स्ट्रिपवर नाव बघा. मेडिकलवाल्यानं कापून दिलेल्या चार गोळ्यांवर नेमकं ते नसतं, तेव्हा त्यालाच विचारा.

आता पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ छापलं की लोक निर्धास्त होतात. धोतराही नैसर्गिकच आहे! बर्गमॉट हेही लिंबूकुळातलंच फळ, आणि त्याचा अर्क नेमका कोलेस्टेरॉलसाठीच विकला जातो. त्यात फ्युरानोकुमरिन किती उरलंय हे अर्क कसा काढला यावर ठरतं, आणि डबीवर ते बहुधा लिहिलेलं नसतं. द्राक्षबियांच्या अर्काची अडचण वेगळी: त्यानं रक्त गोठण्याची क्रिया मंदावू शकते. स्टॅटिनसोबत अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल ही रक्त गोठू न देणारी औषधं चालू असतील तर डबी डॉक्टरांना दाखवूनच सुरू करा.

साधी ताजी द्राक्षं मात्र खुशाल खा. मधुमेह असेल तर साखरेचा हिशेब ठेवून. आणि पूरक गोळ्या सुरू केल्यावर मांड्या-दंड विनाकारण दुखू लागले, तर डॉक्टरांना कळवा. स्टॅटिन परस्पर सोडू नका. लघवी गडद तपकिरी झाली तर मात्र उद्यावर ढकलू नका, तडक दवाखाना गाठा.